पाण्याच्या टाकीतलं थिनर

चाकणच्या त्या टाकीतलं मरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही.

गाड्यांचे सुटे भाग रंगवणारा कारखाना होता. वापरलेल्या थिनरमधलं पाणी काढायला तिथे एक यंत्र होतं. त्यात प्लास्टिकचा पातळ पडदा, प्लास्टिकमध्ये खनिजाची पूड मिसळलेली. पडद्यातून फक्त पाण्याची वाफ पलीकडे जाऊन टाकीत साठायची, थिनर अलीकडेच राहायचं. पाण्याचीच टाकी म्हणून एक ऑपरेटर मास्क न लावता ती धुवायला उतरला आणि गुदमरून गेला. कारखानाभर थिनरचा वास असतोच, त्यामुळे कुणाला वेगळं काही जाणवलं नाही. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. रासायनिक तपासणीत टाकीच्या तळाशी आणि मयताच्या रक्तात थिनर सापडलं.

मग पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. मयताचं त्याच्या पाळीतल्या जोडीदाराशी ओव्हरटाइमवरून भांडण झालं होतं, आणि टाकीच्या झाकणाची किल्ली जोडीदाराकडे असायची. हा जोडीदार मावळातल्या जुन्या शेतकरी घरातला. आम्ही त्याला चौकशीला बोलावलं.

खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो. हा मोजकंच बोलला. "भांडलो व्हय साहेब. पन टाकीत मी काय बी वतलं न्हाई."

मला ते खरं वाटत होतं आणि पटत नव्हतं. टाकीला पडद्याकडून येणारी एकच नळी. पडद्यातून थिनर जाऊच शकत नाही, असा मॅनेजरचा जबाब. मग कुणीतरी झाकण उघडून ओतलं असणार, आणि किल्ली याच्याकडे. पडदा मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिला. टाचणीएवढंही भोक नव्हतं.

शेवटी तो पडदा पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंकडे नेला. त्यांनी कारखान्यातलंच थिनर भरलेल्या बाटलीच्या तोंडावर त्याचा तुकडा घट्ट बसवला आणि बाटली दुसऱ्या कोरड्या बाटलीवर उलटी ठेवली. दुसऱ्या दिवशी खालच्या बाटलीत थिनर होतं. मी पुन्हा भोक शोधू लागलो.

"भोक नाही साहेब," त्या म्हणाल्या. "हे प्लास्टिक थिनर पितं आणि फुगतं. खनिजाचे कण फुगत नाहीत. मग कणांभोवती फट पडते, डोळ्यांना न दिसणारी. थिनर तिथून सरकत जातं."

मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा समजावलं. एवढंच हाती लागलं की हा पडदा एका थिनरला टिकतो, तर दुसऱ्याला नाही. मॅनेजरला पुन्हा चौकशीला बसवलं. कंपनीनं थिनर बदललं होतं, आणि पडदा नव्या थिनरला टिकेल का हे त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

जोडीदाराला सोडलं, पण तो जाईना. म्हणाला, मयताच्या घरी तुम्हीच चला, माझं तिथं कोण ऐकणार? संत तुकाराम नगरमध्ये मयताची बायको दारातच उभी राहिली. मी पडदा, पूड, फटी असं सगळं गोंधळत सांगितलं.

"मला यातलं काही कळलं नाही," ती म्हणाली. "यानं ओतलं नाही ना?"

"नाही."

पुराव्याची साखळी जुळली की तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो. त्या दारात समजलं की कुणी काय केलं नाही, हेही कुणीतरी घरी जाऊन सांगावं लागतं.

ती बाजूला झाली आणि त्याला म्हणाली, "भाऊजी, आत या."