डायलमधलं करडईचं तेल

लातूरच्या तेलबाजारात गुरुलिंगअप्पांच्या घाण्यापुढून कुणी मुकाट्यानं पुढं गेलंय, असं होत नाही. अप्पा हाक मारणार, तळहातावर करडईच्या तेलाचा थेंब टाकणार आणि वास घ्यायला लावणार. या तेलावाचून अडत नाही अशी वस्तू त्यांच्या मते जगात नव्हतीच. बाळाची टाळू, दाराची बिजागरी, भाकरीवरची चटणी, सगळ्याला तेच. मी एस.टी.तला निवृत्त कंट्रोलर. रोज त्यांच्या बाकावर बसून गावभरच्या बातम्या फुकट पुरवतो.

अप्पांना आणखी एक नाद होता. घाण्याच्या माडीवर, पत्र्याखालच्या खोलीत, लष्कराच्या भंगारातला एक जुना रेडिओ होता. नुसता ऐकायचा नव्हे, बोलायचासुद्धा. सरकारी परवाना काढून हौसेनं असं हवेवर बोलणारे लोक असतात, त्यांना हॅम म्हणतात. बाजारात अफवा होती की अप्पांना इंदूरचे सोयाबीनचे भाव त्या डब्यातून आधी कळतात. ती मीच सोडली होती, कारण खरी गोष्ट सांगून कुणाला मजा आली नसती. खरी गोष्ट एवढीच, की अप्पा रोज सकाळी सातला मुदखेडच्या किशनरावांशी गप्पा मारायचे.

किशनराव रेल्वेतले जुने तारबाबू, घरी स्वतःचा रेडिओ असलेले तेही हॅम. मुदखेड जंक्शनात उभी हयात कट्ट-कडकट्ट करण्यात गेली. अप्पांचा हा रेडिओ दोघांनी मिळून हैदराबादच्या जुन्या बाजारातून उचलला होता आणि त्यातला खिळा न् खिळा किशनरावांना ठाऊक होता. एरवी दोघं माईकवरच बोलायचे, म्हणजे भांडायचे. अप्पांनी तेलाची बढाई मारली की तिकडून उत्तर यायचं, "तुझ्या तेलानं माझी बायको भांडी घासून घासून म्हातारी झाली."

गेल्या संक्रांतीनंतर नांदेडला किशनरावांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. श्वास गळ्याच्या भोकातून आणि आवाज कायमचा बंद. अप्पा एस.टी.नं भेटायला गेले तर किशनरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पाटीवर लिहिलं, "येऊ नको. हवेवर भेट."

पाटीवर ते 'पाणी', 'गोळी', 'पंखा' एवढंच लिहायचे. गप्पा कुठं पाटीवर होतात? फोनवर वाटी वाजवून तारेची भाषा करून पाहिली, पण त्या शहाण्या फोनला तो खडखडाट वाटायचा आणि तो सगळं गिळून टाकायचा. राहिला रेडिओ. किशनरावांच्या बोटांना तारेची सवय होतीच, आणि परवान्याच्या परीक्षेसाठी अप्पाही तार शिकले होते. इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकायचं. त्या माणसाला जगात आता एवढंच एक तोंड उरलं होतं आणि ऐकणारा एकच कान, अप्पांचा.

तारेवर बोलायच्या पहिल्या दिवशी पावणेसातला अप्पांनी डायल फिरवला तर तो जड. आत दातेरी चाकं असतात, ती फिरली की पत्र्याच्या पात्यांचा जुडगा फिरतो आणि रेडिओ दुसऱ्या स्टेशनावर जातो. जुनं ग्रीस वाळलं होतं. मशीनच्या तेलाची कुपी रिकामी. किशनराव तर सातला येणार. अप्पांनी हाताशी होतं ते तेल घातलं. करडईचं, आपल्या घाण्याचं, दोन थेंब.

डायल लोण्यासारखा फिरला. त्या सकाळी अप्पा खाली आले ते डोळे पुसत. "तार ठोकायचा हात तोच हाय बघा," मला म्हणाले. "तोच वंगाळ हात. अक्षर तोडायची खोड जात न्हाई त्याची."

पुढं डायल जड वाटला की अप्पा आणखी एक थेंब सोडायचे. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापू लागलं. एके दुपारी परदेशी बातम्या ऐकायला त्यांनी डायल हॅम लोकांच्या पट्ट्याबाहेर नेला आणि तो तिथंच रुतला. हलेना. बोलणं आणि ऐकणं एकाच डायलवर, त्यामुळं दोन्ही गेलं.

झाकण काढलं तेव्हा मी तिथंच होतो. चाकांवर मधासारखा पिवळा थर. दात दिसेनात. अप्पांच्या मंडळी, जगदेवीवहिनी, चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर माझ्या कढईच्या कडेचं हाय."

"कशाचं?" अप्पा म्हणाले.

"करडईचं हो. वाळलं की चिकटा धरतंय. चाळीस वर्सं राखेनं घासायलेय मी. मला तर इचारायचं."

अप्पांनी नखानं थर खरवडून वास घेतला. मी बोलून गेलो, माझी जीभच तशी. म्हटलं, "अप्पा, सगळ्या बाजाराला शिकवता न् स्वतःच्याच तेलात बुडालात की." ते हसले नाहीत, तेव्हा मी चहा उचलला.

मुदखेडला फोन केला तो किशनरावांच्या सुनेनं, पुनमनं, घेतला. अप्पांनी सांगितलं, "रेडिओचा एक पार्ट गेलाय म्हणावं. मिळंना झालाय. आला की येतो हवेवर."

मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"किशन जल्मभर हसंल," अप्पा म्हणाले.

मग सुरू झाली सफाई. केरोसिननं थर हलेना. थिनर लावायचा, तो पात्यांवर सांडू द्यायचा नाही. बांबूची काडी तासून एकेक दात कोरायचा. दोन चाकं पाठीला पाठ लावून मधे स्प्रिंग ताणलेली असते, डायल डुगडुगू नये म्हणून. ती सुटली तर सगळं मोजमाप गेलं, म्हणून आधी दोन्ही चाकांत टाचणी खोचायची. जोर करून चालत नाही, आणि अप्पांचे हात आता कापतात. सकाळी बसायचे, ऊन चढलं की उठायचे, असे कितीतरी दिवस गेले. मी शेजारी बसून कुणाची सून पळाली, कुणाच्या पोराचे क्लासवाल्यांनी छापलेले मार्क खोटे, हे सांगायचो. एरवी कान टवकारणारा माणूस, आता नुसता हं हं करायचा. बरोबर सात वाजता त्यांची काडी थांबायची.

शेवटी माझ्या घरच्या शिलाई मशीनचं तेल आणलं. सुईच्या टोकानं बेअरिंगला एक थेंब, दातांना नखावर मावेल एवढं ग्रीस. टाचणी काढली. डायल फिरला.

दुसऱ्या दिवशी सातला आम्ही दोघं माडीवर. अप्पांनी डायल ठरलेल्या जागी आणला आणि किशनराव तिथं होते. मला नुसतं कट्ट-कट्ट ऐकू येत होतं. अप्पांचे ओठ हलत होते. कट्ट-कट्ट थांबलं की अप्पा तारेची किल्ली दाबून हाक द्यायचे आणि तिकडून उत्तर न येता पुन्हा आपलं सुरू व्हायचं.

"ऐकंना झालाय तो," अप्पा म्हणाले. "एकटाच बोलतोय."

"काय म्हणतायत?"

अप्पांनी डोळे मिटून कान डब्याला लावला. मग एकेक शब्द सांगू लागले. "म्हणतो, त्या डब्यातला कोणताच पार्ट जात न्हाई. मी हातानं उघडलाय तो. गुरुलिंगाला माझा कंटाळा आला म्हणतो. गळ्याचं भोक बघून भ्याला. त्याचं बी बरोबर हाय, म्हणतो."

तिकडचा आवाज बंद झाला. अप्पांनी किल्लीवर किती वेळ हाका मारल्या कोण जाणे, नंतर फोन लावला.

"पुनम, कानाला लावलेलं नाही का गं त्यानं?"

"नाही काका. आता हेडफोन घालतच नाहीत. कोणी नाही, असं लिहितात पाटीवर. आत्ताच आडवे झालेत, लई थकलेत."

"उठला की सांग त्याला. पार्ट न्हाई गेला. मी करडईचं तेल घातलं डायलात. मी, गुरुलिंगानं. तेवढं सांग."

"करडईचं?" पुनम म्हणाली. "बरं, सांगते."

दुपारी किशनरावांना धाप लागली. नांदेडला नेलं. दुसऱ्या दिवशी गेले.

मातीला आम्ही दोघं गेलो. लोक पांगल्यावर अप्पांनी पुनमला बाजूला घेतलं. "सांगितलंस का, बाई?"

ती पोर खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "नांदेडला नेताना गाडीत सांगितलं, काका. दोनदा. डोळे मिटलेले होते त्यांचे."

"हसला का?"

"नाही."

परतीच्या एस.टी.त अप्पा खिडकीशी बसले. त्या दिवशी माझ्याकडं एकही बातमी नव्हती.

घाणा चालू आहे. गिऱ्हाईक आलं की अप्पा अजून तळहातावर थेंब टाकतात, वास घ्यायला लावतात. मग कुणी विचारलेलं नसताना सांगतात, "खायला न्या. यंत्राला लावू नका, वाळलं की धरून बसतंय. मी लावलं होतं." गिऱ्हाईक हसतं. अप्पा ते हसून होईपर्यंत थांबतात आणि मगच तेल मोजायला घेतात.