पुठ्ठ्याची ढाल

"चोर तू बन. कपडे भी वैसे ही हैं." मॅडम हसत म्हणाल्या. पाहुणेही हसले. मी नऊ वर्षांची. अंगात आईने शिवलेला फ्रॉक, मुद्दाम धुऊन, गरम तांब्याने इस्त्री केलेला.

साहेबांच्या मुलाचा वाढदिवस होता. सिल्वासातला, कारखान्यामागचा बंगला. बाबा त्याच सूत कारखान्यात टेम्पररी. धुळ्याकडून आलेले, सिल्वासातल्याच आमली भागात दहा बाय दहाची खोली. पर्मनंट व्हायला साहेबांची सही हवी होती. घरात दुसरा विषय नव्हता.

ढाल माझी होती. शाळेच्या गॅदरिंगला मी सुपरहिरो होणार होते. नावही मीच ठेवलेलं, बिजलीताई. सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे टाकाऊ कोन बाबांनी विचारून आणले, भिजवून उलगडले, पाट्याखाली दाबून सपाट केले. मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवले. खिळा आणि दोरीने वर्तुळ आखलं, बरोबर दीड फूट. मागे जुन्या चपलेचा पट्टा, माझ्या मनगटाच्या मापाचा. वर चांदीरंग.

बाबांनी कौतुकाने कारखान्यात सांगितलं. साहेबांच्या कानावर गेलं. "वो ढाल संडे को ले आना. लडकी को भी." एवढंच.

मुलगा हिरो, मी चोर. मी पळायचं, त्याने ढालीने मारायचं. वाळलेला पुठ्ठा लाकडासारखा. कड कपाळावर बसली. रक्त आलं. टाळ्या पडल्या.

"एक्टिंग अच्छी करती है तेरी लडकी," साहेब म्हणाले.

"हां साब." दाराशी उभे असलेले बाबा हसले.

ते हसू अजून माझा पिच्छा सोडत नाही. भांडी घासताना दिसतं. बँकेच्या रांगेत दिसतं. हसणारे ओठ, आणि माझ्या कपाळाकडे न बघणारे डोळे.

"फिर से!" मुलगा धावत आला. मी पळाले नाही. दोन्ही हातांनी ढाल धरली आणि ओढून घेतली.

"ए, वापस दे! तेरी है क्या?" मॅडम ओरडल्या.

"मेरी है."

बाबा पुढे आले. हळूच, घरच्या अहिराणीत म्हणाले, "दी टाक, माय. साहेबनी शे ती." माझी ढाल, म्हणे साहेबांची आहे.

मी दिली नाही. छातीशी धरून फाटकाबाहेर पडले.

सही झाली नाही. महिना संपला आणि बाबांना घरी बसवलं. मग जवळच्या नरोलीत हमाली. पाठ जाईपर्यंत.

आता ते माझ्याकडे असतात. जेवता जेवता म्हणतात, त्या दिवशी तू ढाल दिली असतीस तर मी पर्मनंट झालो असतो. इतकी वर्षं मी मान खाली घालून ऐकलं. काय काय गेलं ते मलाही मांडता येतं, त्यांच्यापेक्षा नीट. पण ते माझ्या नावावर पडू देणार नाही.

बाबा, मी ढाल ओढून घेतली. नोकरी साहेबांनी काढून घेतली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव घ्यायचं तर त्यांचं घ्या. या घरात यापुढे माझं घ्यायचं नाही.