गारपीट, नग एक

आमच्या शाळेत उल्का पडली तेव्हा मी मुलांवर ओरडत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळीकडं छापून आलं की बाई त्या वेळी सूर्यमाला शिकवत होत्या. कसली सूर्यमाला आणि कसलं काय. परिपाठ चालू होता, आणि दुसरीतल्या दोघांनी प्रार्थना म्हणता म्हणता तिसऱ्याच्या चपला हापश्याच्या दांड्याला बांधून ठेवल्या होत्या. मी त्यांना धारेवर धरलं होतं.

शाळा म्हणजे अंथुर्ण्याच्या पुढं कालव्याच्या कडेनं आत गेलं की लागते त्या वस्तीवरची. पहिली ते चौथी, मुलं चौदा आणि शिकवायला मी एकटी. बारामतीहून रोज स्कूटीवर यायचे. खोल्या दोन. त्यातली एक खिचडीचा तांदूळ, मोडकी बाकं आणि जुन्या मतदार याद्या यांना दिलेली. दुसऱ्या खोलीत चारही वर्ग. त्या वर्गखोलीच्या पत्र्याला परातीएवढं भोक होतं. पावसाळ्यात आम्ही भोकाखाली बादली ठेवायचो आणि तिच्या भोवतीनं गोल बसायचो.

भोक बुजवून द्या म्हणून मी सहा वर्षं अर्ज केले. दर वेळी वरच्या ऑफिसातून एकच विचारणा यायची, की नुकसान कोणत्या नैसर्गिक आपत्तीत झालं ते कळवावं. मी खरं कळवायचे, की पत्रा जुना झाला, गंजला आणि पडला. जुनं होण्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. अर्ज परत यायचा.

त्या पत्र्यावर माझ्या शाळेचा जीव होता. चौदाचा पट म्हणजे काठावरची गोष्ट. आणखी घसरला की शाळा बंद करणार, ही हवा दर उन्हाळ्यात यायची. त्यात बारामतीच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस आमच्या फाट्यापर्यंत यायला लागली. वस्तीवरच्या बायका मला तोंडावर सांगायच्या, “बाई, तुमचं शिकवणं लाख चांगलं हाय, पर पोरगं भिजून घरी येतं.” एवढा पत्रा नीट झाला असता तर मुलं टिकली असती, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

तर परिपाठ. एकदम असा दणका झाला की मला वाटलं, कारखान्यावर काहीतरी फुटलं. मग शिट्टीसारखा आवाज, आणि हापश्याजवळ मातीचा लोट उठला. मुलं जागच्या जागी खाली बसली. माझं ओरडणं चालूच होतं. फक्त आता मी कुणावर ओरडतेय ते मला कळत नव्हतं.

सगळ्यात आधी पुढं गेली ती चौथीतली आमची मॉनिटर. तिचे वडील उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पोरगी इतकी सरळ की स्वतः उशिरा आली तरी फळ्यावर उशिरा येणाऱ्यांत स्वतःचं नाव लिहायची. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं वीतभर खड्ड्यातनं दगड उचलला. मोठ्या लिंबाएवढा, काळा, वरून भाजल्यासारखा. “बाई, थंड हाय,” ती म्हणाली.

दहा मिनिटांत आबा आले. आबा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेले, कारखान्याचे जुने सभासद, उसाच्या पिकात आणि सरकारी कागदात सारखेच मुरलेले. त्यांनी दगड हातात घेऊन तोलला. खड्डा पाहिला. मग वर पत्र्याकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “हापश्यापाशी पडून ह्यानं काय साधलं? आत पडला आसता तर आपत्ती झाली आसती.”

मला पटकन कळलं, याची मला अजून लाज वाटते. पण कळायला अवघड काय होतं? आमच्या भागात सगळं घरदार या विद्येत तयार असतं. वाऱ्यानं ऊस लोळला की आधी फोटो काढायचा, मग ऊस उभा करायचा. भिंत उन्हाळ्यात पडली तरी अतिवृष्टीपर्यंत तिला तशीच पडून राहू द्यायची. नुकसान होतं ते आपोआप होतं, ते रकान्यात बसवायला मात्र माणूस लागतो.

मी दगड उचलला, आत नेला आणि भोकाच्या बरोबर खाली ठेवला. आबांनी पायानं खड्डा बुजवला. चौदा मुलं ओळीत उभी राहून बघत होती. मी बाहेर येऊन म्हणाले, “कुणी विचारलं तर सांगायचं, दगड पत्रा फोडून वर्गात पडला. कळलं?”

तेरा माना हलल्या. मॉनिटर म्हणाली, “पर बाई, भोक तर आधीपास्नं हाय.”

“मला माहितीय,” मी जरा जोरातच म्हणाले. “पण असं सांगितलं तर नवा पत्रा मिळेल. नाहीतर शाळा बंद होईल. चालेल तुला?”

तिनं नाही म्हणून मान हलवली.

दुपारी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. फॉर्ममध्ये अतिवृष्टी, पूर, वादळ, वीज, आग आणि गारपीट एवढंच होतं. भाऊसाहेब बिचारे सरळ मनाचे. त्यांनी पेन कानामागं लावून पुष्कळ विचार केला. “आभाळातनं पडलं. घट्ट हाय. गोल हाय,” असं मोजत मोजत ते गारपिटीवर येऊन थांबले. पुढं संख्या विचारली होती. तिथं लिहिलं, नग एक. आणि शेऱ्यात लिहिलं की सदर गार सायंकाळपर्यंत वितळलेली नाही. पंच म्हणून आबांनी सही केली, मीही केली. दगड माझ्या पोळीच्या डब्यात घालून, लाखेनं सील करून तालुक्याला रवाना झाला. तो डबा मला आजतागायत परत मिळालेला नाही.

पुढच्या चार दिवसांत आमच्या वस्तीनं जेवढी माणसं पाहिली तेवढी तिच्या जन्मात पाहिली नसतील. सांगवीहून एक अख्खं कुटुंब जेवणाचे डबे बांधून आलं आणि माझ्या वर्गात बसून जेवून गेलं. फाट्यावर वडापावची गाडी लागली. निवडणुका जवळ होत्या, त्यामुळं फ्लेक्स लागले. एकावर उल्केचं हार्दिक स्वागत होतं, खाली हात जोडलेले सोळा इच्छुक. दुसऱ्या गटानं लगेच समोर त्याहून मोठा लावला, की सततच्या पाठपुराव्यास यश. आबा पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “आमी कालव्याच्या टोकाला. पानी बारामतीवरनं हितं यायचं म्हणलं की वाटंतच मुरतं. ह्यो दगड बघा, बारामतीवरनं आला आन् थेट टोकाला पोचला.”

मी पत्र्याची वाट बघत होते. पाचव्या दिवशी आदेश आला. सदर भोक वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचं असल्यानं पुढील सूचनेपर्यंत ते जैसे थे ठेवावं, आणि वर्गखोली सीलबंद करावी.

मी कपाळावर हात मारून घेतला. सहा वर्षं ज्या भोकाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याला आता होमगार्ड मिळाला. दुसऱ्या खोलीतला तांदूळ आणि मतदार याद्या हलवायला परवानगी नव्हती. मग चौदा मुलं घेऊन मी कडुलिंबाखाली बसले. आधी थंडीनं कुडकुडलो, पुढं उन्हानं भाजलो. मी पाढे म्हणवून घेत असताना माणसं मुलांच्या पाठीमागं उभी राहून सेल्फी घ्यायची. एका गृहस्थानं मला म्हटलं, “मॅडम, जरा बाजूला होता का? भोक दिसत न्हाय.” त्यांना मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आया हे सगळं बघत होत्या. आधी दुसरीतली ती दोघं गेली. मग तिसरीतली तीन. दर वेळी दाखला मीच लिहायचा, आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढं पालकांची इच्छा असंही मीच लिहायचं. नववा दाखला मॉनिटरचा होता. तिला निदान चौथी तरी इथं पूर्ण करू द्या म्हणून मी तिच्या वडिलांना सांगून पाहिलं. ते ट्रॅक्टरवरनं खाली उतरले, हात जोडले आणि म्हणाले, “बाई, पोरगी लिंबाखाली किती दिस बसवू?” मी सही केली.

दरम्यान आमचा सत्कार झाला. आमच्याकडं सत्काराशिवाय काहीच पूर्ण होत नाही. त्यासाठी दोन्ही गटांनी मिळून, हे एक आश्चर्यच, मैदानात कायमचा सिमेंटचा चौथरा बांधला. जागा निवडली हापश्याजवळची. शाल आणि नारळ घेऊन मी त्या चौथऱ्यावर उभी राहिले. खाली तो खड्डा होता, हे मला, आबांना आणि मुलांना सोडून त्या गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं.

मग पुण्याहून अभ्यासक बाई आल्या. तरुण, पायात खेळाचे बूट. चहा बिनसाखरेचा मागितला, तेव्हाच आबांचं तोंड उतरलं. अभ्यासक बाईंनी सील उघडून घेतलं, शिडी लावून भोकाच्या कडा पाहिल्या, खाली उतरून गुडघ्यावर बसून फरशी पाहिली. मग पंचनाम्याची प्रत वाचली आणि गारपीट या शब्दावर बराच वेळ थांबल्या.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “पत्र्याच्या कडा आतपर्यंत गंजल्यात. फरशीवर साधा चरासुद्धा नाही. दगड खरा कुठं पडला?”

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, मला ते जमतं. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. हातानं चौथरा दाखवला. त्या चौथऱ्यापाशी गेल्या, कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, “खड्डा तरी ठेवायचा होता हो.” मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी वरच्या ऑफिसात जाऊन लेखी कबुली दिली. भोक जुनं आहे, दगड बाहेर पडला, खोटं मी सांगितलं, माझ्यावर जी काय कारवाई करायची ती करा, पण खोली उघडा. साहेबांनी कागद वाचला आणि वैतागले. “बाई, फाइल पार वर गेलीय. आता तुम्ही खरं सांगून कशाला घोळ घालताय?” मग त्यांनी विचार करून सांगितलं की दोन जबाब जुळत नसल्यानं चौकशी लावावी लागेल, आणि चौकशी होईपर्यंत खोली सीलबंदच राहील. कारवाई काही झाली नाही. माझ्यावर कारवाई करायची तर सत्कार का केला, याचा खुलासा कुणाला तरी द्यावा लागला असता.

शेवटी आबाच उठले. एका रविवारी त्यांनी स्वतःच्या गोठ्याचा पत्रा काढला, वस्तीवरचे चार बाप्ये घेतले, सील तोडलं आणि तासाभरात भोक बंद केलं. होमगार्ड शिडी धरून उभा होता. सोमवारी भाऊसाहेब परत पंचनाम्याला आले, वर पाहिलं, आणि लिहिलं की पाहणीअंती सदर भोक जागेवर आढळून आलं नाही.

मी खोली झाडून घेतली, फळा पुसला, हजेरी घेतली. पाच मुलं होती. जूनमध्ये शाळा बंद करून ती पाच जणं शेजारच्या गावच्या शाळेत पाठवल्याचा आदेश आला, आणि मला त्याच रस्त्यावरची दुसरी शाळा मिळाली.

ऑगस्टात एकदा मी स्कूटीवरून जाताना फाट्यावर मॉनिटर दिसली. टाय, बूट, पाठीवर दप्तर, पिवळ्या बसची वाट बघत होती. बससाठी त्यांनी बिऱ्हाडच फाट्यावर आणलं होतं, वस्तीवर तिचं जाणं उरलं नव्हतं. मला बघून पळत आली. नव्या शाळेत निबंध होता, म्हणाली, अविस्मरणीय प्रसंग. तिला सगळ्यात जास्त मार्क पडले होते. तिथंच दप्तर उघडून तिनं मला वही दाखवली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, की आमच्या बाई शिकवत होत्या, आणि अचानक आमच्या चांगल्या पत्र्याला भोक पाडून आकाशातून एक दगड वर्गात आला.

“असं का लिहिलंस गं?” मी विचारलं. “तू तर डोळ्यानं बघितलं होतंस.”

“व्हय,” ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. “मी आजून कुणालाच खरं सांगितलं न्हाय, बाई. घरीबी न्हाय. न्हायतर आपली शाळा बंद करत्याल.”

शाळेला कुलूप लागून तेव्हा दोन महिने झाले होते. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बस येईपर्यंत मलाही सांगता आलं नाही.