गंगाक्कांचे मंगळवार

गंगाक्का कुणाच्या दारात उभ्या राहून हाक मारीत नसत. हाक ऐकू येईपर्यंत त्या थेट स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. चुलीपुढे, जात्यापाशी, उष्ट्या भांड्यांच्या ढिगामागे जिथे असेल तिथून त्या घरातली धाकटी सून शोधून काढायच्या, तिची हनुवटी वर करायच्या आणि मोठ्यांदा विचारायच्या, "काय गं लाडी, आज हसलीस का?" लाडी म्हणजे माळव्यातली नवी नवरी. उत्तर मिळाल्याशिवाय हनुवटी सुटत नसे.

मी धारची. तेराव्या वर्षी लग्न होऊन देवासला आले. देवासला तेव्हा एका गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. अक्कांचे यजमान थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते, पण अक्कांचा वावर दोन्हीकडे. साठीला टेकलेली सवाष्ण, कपाळभर कुंकू, खणखणीत आवाज. हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा. त्यांना नाही म्हणायची एकाही सासूची छाती नव्हती.

या मानाचा त्यांनी भलताच उपयोग करून घेतला होता. नव्या सुनेने अकरा मंगळवार टेकडीवरच्या देवीला जावं, घराला बरकत येते, असं त्यांनी गावभर पटवून ठेवलं होतं. सासूने मात्र बरोबर जायचं नाही. गेली तर व्रत मोडतं! हे कोणत्या पोथीत आहे, असं एकदा भटजींनी विचारलं. "माझ्या," अक्का म्हणाल्या. अकरा संपले की लगेच नवे अकरा लागत.

आणि काय ते मंगळवार! बारा ते सोळा वर्षांच्या आम्ही आठनऊ जणी. गावातलं शेवटचं घर मागे पडेपर्यंत डोक्यावर पदर आणि नजर पायांकडे. चढण लागली की अक्का मागे वळून रस्ता न्याहाळायच्या आणि ओरडायच्या, "थोरली पाती डावीकडे, धाकटी पाती उजवीकडे! पळा गं!" की आम्ही पदर खोचून सुटलोच! बांगड्यांचा खणखणाट, छाती फुटायला आलेली. माझ्या शेजारच्या यमूच्या पायात एकदा काटा मोडला, तरी ती लंगडत पळत होती आणि वर "मी हरले नाही, मी हरले नाही" म्हणून किंचाळत होती. एकदा वरून एक माळवी म्हातारा उतरत होता. तो भांबावून मधेच थबकला. "भिया, हटो बाजू! आज दो रियासतों का सवाल है!" अक्का खालून गरजल्या. म्हातारा इतका हसला की तिथेच दगडावर बसला.

वर गेल्यावर गूळ-शेंगदाणे. मग अक्का एकेकीला बाजूला घेऊन बसायच्या. "वर आलीस ना, आता मनातलं ओक. खाली नेऊ नकोस," म्हणायच्या. पहिल्याच दिवशी मला त्यांनी बजावलं होतं, "इथलं बोलणं देवी ऐकते नि मी ऐकते. देवी कुणाला सांगत नाही. मी वेळ आली तर सांगते, पण आधी तुला विचारून." कुणाची सासू बोलायची, कुणाचा नवरा हात उचलायचा, कुणाला नुसतीच आईची आठवण यायची. सगळं तिथे निघायचं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धारला प्लेग आला आणि त्यात माझी आई गेली. पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. सासूबाईंनी ते फडताळात ठेवून दिलं. मला कळलं ते तीन आठवड्यांनी, तेही शेजारीण चुकून बोलून गेली म्हणून. आमचे हे तेव्हा शिकायला इंदूरला होते. घरात कुणी आईचं नाव काढीना. रडले तर "भरल्या घरात अवलक्षण नको" असं कानावर यायचं. मग मी रडायची थांबले. हळूहळू जेवण सुटलं, मंगळवार सुटले. आपण नसलो तर कुणाचं काही अडणार नाही, हे मला अगदी सरळ हिशेबासारखं वाटायला लागलं होतं. आईने दिलेला चांदीचा करंडा मी यमूला देऊन टाकला.

तो करंडा अक्कांना टेकडीवर यमूच्या हातात दिसला. "तिनेच दिला," यमू म्हणाली, "मला आता नको म्हणाली." अक्कांनी शर्यत अर्ध्यावर सोडली. सगळ्या मुलींना घेऊन त्या उतरल्या आणि तशाच, धापा टाकीत, आमच्या माजघरात आल्या. मी तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

इतक्या उघड! मी मानेनेच हो म्हटलं.

त्या घाबरल्या नाहीत. रागावल्या नाहीत, देवाधर्माचं काही बोलल्या नाहीत. मांडी ठोकून बसल्या. "बरं. मग सांग. मला आज कुठे जायचं नाही."

दिवेलागण होईपर्यंत मी बोलत होते आणि रडत होते. शेवटी त्यांनी मला त्यांच्या बहिणीचं सांगितलं. कृष्णा पंधरा वर्षांची होती. जीव देण्याआधी तिने आपले सागरगोटे धाकट्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, दिले आणि त्या खुशीत नाचल्या. "आईच्या मनात शंका आली होती. पण विचारलं तर पोरीच्या डोक्यात भरेल, म्हणून ती गप्प राहिली. अगं, ते डोक्यात आधीच असतं. विचारलं की ते एकटीचं राहत नाही, एवढंच."

मग म्हणाल्या, "आता हे तुझ्या सासूला सांगायला हवं. सांगू ना?" मी हो म्हटलं.

सासूबाई आधी चिडल्या. "बोभाटा होईल. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणायचं ते मी बघते. धारचा प्लेग ओसरलाय, हिला माहेरी पाठवायचं. तोवर घटकाभरही एकटी ठेवायची नाही. मी इथेच निजायला येते."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला सुचेनाच हो, पोरीला सांगायचं कसं." आणि डोळ्यांना पदर लावून त्याही रडायला लागल्या.

अक्कांनी यांना पत्र धाडलं. हे अठरा वर्षांचे, बावरलेले, टांग्याने आले आणि मला धारला घेऊन गेले. चार महिने मी वडिलांजवळ, आत्याजवळ राहिले. आईची रोज आठवण काढता आली. दुःख एका दिवसात गेलं नाही, पण भूक परत आली, झोप परत आली. देवासला परतल्यावर पहिल्या मंगळवारी मी शर्यतीत सगळ्यांच्या मागे राहिले आणि हसून हसून माझी बरगडी दुखली.

पुढे यांना धारला शाळेत नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड तिकडे गेलं. अक्का तापाने गेल्याचं यमूच्या पत्रातून कळलं. मी ते पत्र मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्यानंतर वर्षाने मी तान्ह्या मुलीला घेऊन देवासला गेले. दुपारची वेळ. सासूबाई घरात नव्हत्या.

"आई टेकडीवर गेलीय," नणंद म्हणाली. "तीन घरच्या सुना घेऊन."

"अगं, पण सासूने जायचं नसतं ना?"

"आई म्हणते, दुसऱ्यांच्या सुना चालतात."

मी लेकीला कडेवर घेऊन धावत सुटले. चढणीच्या अर्ध्यावर मला त्या दिसल्या. घामाने डबडबलेल्या, एका दगडावर टेकलेल्या. समोर तेराएक वर्षांची मुलगी मान खाली घालून बोलत होती. आयुष्यात कुणाचं बोलणं पुरतं न ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई तोंड मिटून ऐकत होत्या. मला पाहून त्यांनी हातानेच थांबवलं.

मी तिथेच, चार पावलांवर, बसून राहिले. मुलीचं बोलणं अजून व्हायचं होतं.