बाळारामच्या सीटखालचा डबा

लूम बंद असली तरी भिंतीवर कापसाची पूड साठतच राहते. नाक्यावरच्या गोष्टींचंही तसंच. भिवंडीत कापडाचा धंदा करायचा म्हणजे माल टेम्पोनं जाणार, टेम्पो म्हटला की नाका आला, आणि नाका आला की हवलदाराची शिट्टी. हे २००४-०५ च्या सुमाराचं. माझे दोन टेम्पो होते. एकावर इस्माईलचाचा, दुसऱ्यावर कामतघरचा बाळाराम. चाचा बोलून भांडायचा, बाळाराम गप्प राहून.

* * *

एकदा हवलदारानं चाचाला कापडाची गाठ उघडायला लावली. आत काय आहे म्हणे. आता प्रेसमध्ये दाबून बांधलेली गाठ एकदा सुटली की रस्त्यावर तागेच तागे. चाचा शांतपणे खाली उतरला, सीटमागून दाभण आणि सुतळी काढली आणि हवलदाराच्या हातात ठेवली.

"खोलो साब. लेकिन सिलना भी आपही को पड़ेगा."

गाठ जशीच्या तशी ठाण्याला पोचली.

* * *

मी शिकलो सातवीपर्यंत. पण रद्दीवाल्याकडून कायद्याचं एक जुनं पुस्तक किलोच्या भावानं घेतलं आणि दुकानात बसून वाचून काढलं. त्यातून आणि दोन वकिलांना चहा पाजून एवढं कळलं, की झडती म्हणजे वाटेल तेव्हा वाटेल तिथं हात घालणं नव्हे. काय शोधताय ते आधी लिहा. गावातले दोन प्रतिष्ठित पंच बोलवा. आणि झडती घेणाऱ्यानं आधी पंचांना स्वतःची झडती द्यावी, म्हणजे त्यानंच काही आणून ठेवलं असा संशय नको.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी दोघांना गोदामात बसवून हे पाढ्यासारखं म्हणून घ्यायचो. चाचा म्हणायचा, "सेठ, इतना याद रहता तो मैं वकील न बन जाता?"

* * *

मग मोबाईल आले. एका हवलदारानं चाचाचा फोन काढून घेतला आणि टेम्पोला टेकून मेसेज वाचायला लागला. मी असतो तर पुस्तक काढलं असतं. चाचा म्हणाला, "साब, पढ़ ही रहे हो तो ज़ोर से पढ़ो. मुझे पढ़ना नहीं आता, बेटी का मेसेज तीन दिन से पड़ा है."

हवलदारानं बिचाऱ्यानं वाचला. आटा संपला होता.

दुसऱ्या दिवसापासून चाचा आपणहून गाडी थांबवायचा आणि खिडकीतून फोन पुढे करायचा. आठवडाभरात तो हवलदार चाचाचा टेम्पो लांबून दिसला की जा जा म्हणून हात करायला लागला!

* * *

आता बाळाराम.

त्याच्या सीटखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा असायचा, कुलूप लावलेला. त्यात काय होतं ते मला एकट्याला ठाऊक. टीबीच्या गोळ्या आणि डॉक्टरची फाईल. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं, पण कामतघरच्या चाळीत भिंतीला कान. आणि मुलीचं लग्न वडप्याला ठरलेलं, तिथल्या गोदाममालक हिराजीशेठच्या मुलाशी. टीबीच्या घरातली पोर म्हटल्यावर सोयरीक मोडलेली दोन घरं त्याच्या गल्लीतच होती. म्हणून डबा घरी नाही, गाडीत.

त्या दुपारी मीही केबिनमध्ये होतो. वडप्याला शिट्टी झाली. कागदपत्रं चोख, माल चोख. हवलदाराची नजर सीटखाली गेली.

"तो डबा उघड."

"माल बघा, कागदं बघा," बाळाराम म्हणाला. "डबा माझा हाय. न्हाय उघडनार."

"का? काय लपवतोस?"

मला चेव आला. इतकी वर्षं पाठ केलेलं बोलायची संधी! मी खाली उतरून म्हटलं, काय शोधताय ते लिहा आणि दोन प्रतिष्ठित पंच आणा, मग बघू.

हवलदार हसला. समोरच्या हॉटेलात माणूस पाठवला. पंक्चरवाला आला, आणि त्याच्यामागून पांढऱ्या कपड्यांत गावातला सगळ्यात प्रतिष्ठित माणूस. हिराजीशेठ.

बाळारामनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून विसरलो नाही.

"काय जाला, व्याही?" हिराजीशेठनं विचारलं. बाळाराम डबा छातीशी धरून बसलेला. मी घाईनं म्हणालो, राहू द्या, पंच नकोत. हवलदार म्हणाला, "वा शेठ, तुम्हीच मागितलेत."

हिराजीशेठनं खिडकीतून हात घातला आणि डबा हळूच काढून घेतला. आतल्या गोळ्या खुळखुळल्या. त्यानं तो पुन्हा एकदा हलवला, कानाशी नेऊन.

मग हवलदाराकडे वळला. त्याच्या गोदामांवर धाडी कमी पडल्या नव्हत्या. रीत त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

"मना पंच केला ना? मंग रीतीनं करू. पयली झडती तुमची. खिसे दाखवा."

हवलदाराचा हात फुगलेल्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, मी पण पंच आहे."

हवलदारानं मागे वळून पाहिलं. रस्त्यावर एक सायकल होती.

"गाडी काढा," तो म्हणाला. "ट्रॅफिक जाम होतोय."

टेम्पो सुरू झाला. हिराजीशेठ खिडकीपाशी आला आणि डबा बाळारामच्या मांडीवर ठेवला.

"सकालची घेतली?"

बाळारामनं मान डोलावली.

"चुकवू नको. मी एक म्हैना चुकवली व्हती, परत पयल्यापासून सुरू करायला लागली." मग टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. "हलदीला दोन दिस ऱ्हायचा हाय. डबा घेऊन ये."