रिक्वायरमेंट विचारायला गेलो तेव्हा

सोलापुरात एमसीए करताना आम्हाला सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाइन हा विषय होता. त्यात किती मार्क पडले ते आता कुणालाच आठवत नाही. पण आम्ही तिघं भेटलो की चहा येईपर्यंतच त्या वर्षाचे चार किस्से निघतात.

तिघं म्हणजे मी, करमाळ्याचा सुनील आणि सोलापुरातलीच कविता. आमचा प्रोजेक्ट ग्रुप एकच. सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "कॉम्प्युटर नंतर उघडा. आधी माणसाला विचारा, त्याला काय हवंय."

म्हणून आम्ही चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गेलो. सुनीलनं मालकांना पाठ केलेला प्रश्न विचारला, "नव्या सिस्टिमकडून तुमची अपेक्षा काय?"

मालकांनी बराच वेळ विचार केला. "लाईट जाऊ नये," ते म्हणाले.

सुनीलनं ते लिहून घेतलं.

मग डेटा फ्लो डायग्राम आले. माहिती कुठून येते, कुठं जाते, ते बाणांनी दाखवायचं. सुनीलचं चित्र इतकं सुबक होतं की सरांना शंका आली. एका बाणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही माहिती कुठून आली?"

"कविताच्या वहीतनं, सर."

शेवटी प्रोजेक्ट मिळाला तो कॉलेजमागच्या शैलामावशींच्या वधू-वर केंद्राचा. त्यांच्या अपेक्षा अगदी पक्क्या होत्या. "जातीचा रकाना भरल्याबिगर फुडचं पान उघडलं न्हाय पायजे."

"कुणाला रिकामा ठेवायचा असेल तर?" कवितानं विचारलं.

"मग मी स्थळ कसं बगू?"

कवितानं वही मिटली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे मी करणार नाही." यावरून आमचं चांगलंच वाजलं. गिऱ्हाईक म्हणेल तसं करावं, हे माझं मत. सुनील म्हणाला, "रकाना ठिवू की. सक्ती तेवढी काढू. मावशींना मी सांगतो."

त्यानं सांगितलंच नाही.

डेमोला सर आणि मावशी शेजारी शेजारी बसले. चाचणीसाठी खोटी नावं भरता भरता सुनील आणि कवितानं स्वतःचीही माहिती भरली होती, दोघांनीही तो रकाना रिकामा ठेवून. मी स्थळं जुळवायचं बटण दाबलं. स्क्रीनवर रकाना जुळलेली एकच जोडी आली, सुनील आणि कविता.

सर खिडकीबाहेर बघू लागले. मावशींनी चष्मा पुसून परत वाचलं.

"आन् ह्या दोगांची पसंती हाय का न्हाय, ते हितं कुटं दिसतं?"

सुनीलनं कविताकडं बघितलं.

"ती प्रोसेस अजून मॅन्युअलच आहे, मावशी," कविता म्हणाली.