मूर्तिजापूरला उतरणारे गृहस्थ

कापसाचं पीक सारखं बुडायचं त्या वर्षांत, तरी बडनेरा-अकोला पॅसेंजरमध्ये पैसे लावून तीनपत्ती रोज रंगायची. पत्ते पडायचे एका गृहस्थांच्या दुपट्ट्यावर. मूर्तिजापूर आलं की, जिंकत असोत की हरत, ते दुपट्टा झटकून खांद्यावर टाकत आणि उतरून जात.

एकदा मूर्तिजापूरला ते उतरल्यावर मी पुढच्या डब्यात चढलो, तर हेच खिडकीशी मजेत शेंगा फोडत बसलेले!

"तुम्ही मूर्तिजापूरचे ना?"

"नाई जी, अकोल्याचा. हारून उठलं त लोकं हासतेत, जितून उठलं त उठू देत नाईत. गाव आलं म्हनलं का कोनी अडवत नाई."

"पण मूर्तिजापूरच काहून?"

"एकदा अकोल्यापर्यंत खेळलो होतो. ठेसनावर ठेवलेली सायकलबी डावात हारलो, दुसराच घेऊन गेला. मी पायदळ घरी." ते हसले अन् मूठभर शेंगा त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.